सोनटिकल्यांचं दुभत्याचं कपाट

नाकं मुरडू नका, मित्रांनो. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, फुटक्या चंचुपात्रांच्या खोक्याशेजारी जे जुनं हिरवट लाकूड उभं आहे ना, ज्याच्यावर तुम्ही खडूनं एकमेकांची नावं लिहिता, ते मीच. मी लाकूड नाही, कपाट आहे. दुभत्याचं कपाट. हा शब्द तुमच्यातल्या अर्ध्यांना माहीत नसेल, कारण तुमच्या घरी आता फ्रिज आहेत किंवा येऊ घातले आहेत. दूध, दही, साय, लोणी, तूप म्हणजे दुभतं. ते ज्याच्यात ठेवायचं, ज्याला बाजूंनी बारीक तारेची जाळी असते, म्हणजे वारा आत जातो आणि माशी बाहेर राहते, ते दुभत्याचं कपाट. आज माझ्यात दुभतं नाही आणि माशीसुद्धा माझ्याकडे ढुंकून बघत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हीच ऐका.

माझा जन्म नाशिकचा. भद्रकालीजवळच्या देवराम मिस्त्रींनी मला सागवानी लाकडातून घडवलं, ते साल असेल एकाहत्तर नाहीतर बहात्तर. त्यांनी मला तीन फळ्या दिल्या, हिरवा रंग दिला आणि दाराला एक पितळी कडी दिली. ती कडी बसवताना ते आपल्या पोराला म्हणाले होते, "कपाटाची सगळी अब्रू कडीत असते. जाळी फाटली तर शिवता येती, कडी ढिली झाली तर कपाट गेलं." हे वाक्य मी जन्मभर जपलं.

मला विकत घेतलं जयराम यांनी. ते नाशिकरोडच्या एका छापखान्यात कामाला होते. वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीला मला उभं केलं आणि त्यांच्या पत्नीनं, भिमाबाईंनी, माझ्या चारही पायांखाली पाणी भरलेल्या दगडी वाट्या ठेवल्या. मुंग्या चढू नयेत म्हणून. तेव्हापासून मी पाय पाण्यात बुडवून उभा राहायला शिकलो. कोण कौतुक माझं त्या दिवसांत. शेजारणी यायच्या, कडी उघडून बघायच्या, लावून बघायच्या. भिमाबाई मुद्दाम सगळ्यांदेखत लोण्याचा गोळा मधल्या फळीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "एक मुंगी दाखवा. दाखवा एक मुंगी."

त्या घरात एकच चोर होता. सुमन. जयराम-भिमाबाईंची लेक, तेव्हा शाळकरी. तिला कडीला हात लावायची बंदी होती, म्हणून ती जाळीची तार सरकवून करंगळी घालून साय ओढायची. करंगळी मोठी होत गेली आणि जाळीला भोक पडलं. भिमाबाईंनी ते वाकळेच्या जाड निळ्या दोऱ्यानं विणून टाकलं आणि लेकीला म्हणाल्या, "बेशरम कुठली. पुन्हा बोट घातलंस तर बोटासकट शिवीन."

बेशरम. हा शब्द लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढं तो पाण्यात उभा राहणार आहे.

मग एक दिवस घरात फ्रिज आला. पांढरा, गुळगुळीत, सारखा गुरगुरणारा. शेजारणी पुन्हा जमल्या, पण या वेळी त्यांची पाठ माझ्याकडे होती. संध्याकाळी मला मागच्या पडवीत नेलं. पायांखालच्या वाट्या कुंड्यांना गेल्या. माझ्या वरच्या फळीवर रॉकेलची बाटली आली, मधल्या फळीवर जुन्या चपला, खालच्या फळीवर एक बिनझाकणाचा डबा, ज्यात काहीच नव्हतं. रिकामा डबा सांभाळायला लागणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. आतल्या घरातून ताट-वाट्यांचे आवाज यायचे, हसणं यायचं, आणि मी पडवीत कडी लावून उभा. कुणाला आत येऊ द्यायचं नाही म्हणून, की कुणी येतच नव्हतं म्हणून, मला सांगता येणार नाही.

सुमन शिकली, बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली आणि तिला नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याकाठच्या एका गावात विज्ञान शिकवायची नोकरी लागली. टेम्पोत तिची ट्रंक चढली, स्टोव्ह चढला, गादी चढली. भिमाबाई म्हणाल्या, "खेड्यात एकटी राहणार, दूध कशात ठेवशील? कपाट घेऊन जा ते." तुम्हाला सांगतो, माझं लाकूड शहारलं.

अशी सुमनची सुमनबाई झाली आणि मी तिच्या भाड्याच्या खोलीत आलो. खिडकीतून अडवलेलं पाणी दिसायचं. गोदावरी आणि कादवा तिथं बंधाऱ्याला थटून पसरल्या आहेत. पण पाणी दिसायचं ते नावाला. काठापासून आत, जिकडे बघावं तिकडे, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली झुडपं पाण्यात पाय रोवून उभी. पानं विड्याच्या पानाएवढी, फुलं फिकी जांभळी, कर्ण्यासारखी. दिसायला इतकी गोड की बाईंनी पहिल्याच दिवशी एक फूल तोडून ग्लासात ठेवलं.

संध्याकाळी एक बाई दुधाचा तांब्या घेऊन दारात आली. पातळाचा ओचा खोचलेला, पायांना पोटरीपर्यंत वाळलेला गाळ. ती रंगूबाई. तिनं ग्लासातलं फूल बघितलं आणि तांब्या खाली ठेवून हसायलाच लागली.

"काय झालं?" सुमनबाईंनी विचारलं.

"काय नाय बाई. लोक घरात देव ठेवतेत, तुम्ही बेशरम ठेवली."

"हिचं नाव बेशरम आहे?"

"मग काय तर. तोडली तर उगती, उपटून टाकली तर पडल्या जागी मूळ धरती, शेरडू तोंड लावत नाय, पाण्यात ठेवा नायतर खडकावर ठेवा, हाय तशी हसती. आणली बी आम्हीच. शेरडू खात नाय म्हणून समद्यांनी कुंपनाला लावली. मग एका साली पूर आला आन कुंपनंच्या कुंपनं पाण्यात गेली. आता ती म्हनती, तुम्हालाच कुंपन घालते."

रंगूबाई एकटी राहायची. नवरा गेलेला, मूल नाही, दोन शेळ्या, एक म्हैस. उन्हाळ्याकडे पाणी ओसरलं की काठाला गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यात जे पीक घ्यायचं त्याला गाळपेर म्हणतात. रंगूबाईची अशी एक पट्टी होती आणि वर काठावर दोन वाफे. वाफ्यात पावसाळ्यात रताळी, आणि पाणी हटलं की तेच वेल कापून खाली गाळात लावायचे. तिच्या वर्षाचा संसार त्या वेलांवर चालायचा. पण बेशरम दर वर्षी पट्टीत दोन-चार पावलं आत सरकत होती. "आजून चार-दोन सालं," ती म्हणायची, "मग मी शेळ्यांसंगं रस्त्यावर."

तिचं ते बोलणं सुमनबाईंच्या मनातून हलेना. त्या रात्री त्या एकट्याच जेवायला बसल्या, माझ्याशी बोलल्या. हो, त्या माझ्याशी बोलायच्या. खोलीत दुसरं होतं कोण? "कपाटा," त्या म्हणाल्या, "जगात असं काहीच नसेल का, जे बेशरम खातं?"

आता गंमत ऐका. पावसाळा सरता सरता त्या धुणं धुवायच्या खडकाजवळ उभ्या होत्या, तर तिथल्या एका बेशरमीची पानं चाळणीसारखी भोकाभोकांची. पान उलटं करून बघतात तर काय, खाली चिमुकली कासवं. किडेच, पण कपाळावरच्या टिकलीएवढे, गोल, पाठीवर पारदर्शक ढाल आणि ढालीखाली लखलखीत सोनं. शेजारी त्यांची पिल्लं, काटेरी, आपलीच टाकलेली कात शेपटीवर छत्रीसारखी धरून चाललेली. बाईंनी जेवणाचा डबा धुऊन त्यात पानांसकट सगळी मंडळी भरली, खोलीवर आणली, आणि, मित्रांनो, मधल्या फळीवरचं दुधाचं भांडं उचलून खाली ठेवून ती मंडळी माझ्या पोटात सोडली.

माझ्या मनाची काय अवस्था झाली असेल? ज्यानं आयुष्यात एक मुंगी आत येऊ दिली नाही, त्याच्या पोटात किड्यांचं गाव. आधी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पहिल्या रात्रीच्या शांततेत एक आवाज आला. कुर्र, कुर्र, अगदी बारीक. ते पानं खात होते. इतक्या वर्षांत माझ्या आत कुणी जेवत होतं, वाढत होतं, हे पहिल्यांदाच घडत होतं. लोणी काही बोलत नाही हो. चपला तर नाहीच नाही. सकाळपर्यंत मी त्यांचा झालो होतो.

बाईंनी मला शाळेत आणलं, याच खोलीत. मुलांनी किड्यांचं नाव ठेवलं सोनटिकल्या. पायांखाली पुन्हा पाण्याच्या वाट्या आल्या, कारण मुंग्या अंडी पळवतात. मुलं रोज बेशरमीची ताजी पानं आणत, अंडी वेगळी काढत, कुणाची पाळी चुकली तर भांडत. सोनटिकल्या वाढल्या. वाढल्या म्हणजे किती, माझ्या जाळीला आतून सोन्याचा मुलामा दिल्यासारखं दिसायचं.

बाईंनी नाशिकला जाऊन आपल्या कॉलेजातल्या सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, "पाळा खुशाल. पण ढिगानं बाहेर सोडण्याआधी काठावर जे जे उगवतं, ते ते खायला घालून बघा." बाईंनी वर्गात सांगितलं, उद्या प्रत्येकानं आपापल्या शेतातलं एक पान आणायचं. दुसऱ्या दिवशी द्राक्षाची पानं आली, कांद्याची पात आली, ऊस, टोमॅटो, हरभरा, वांगी, घास, सगळं आलं. एका मुलानं बापाच्या पानाच्या टपरीतून विड्याचं पान आणलं आणि मार खाल्ला. सोनटिकल्यांनी कशालाही तोंड लावलं नाही. उपाशी बसल्या, पण शिवल्या नाहीत. बेशरम दिली की तुटून पडायच्या.

मग शाळेच्या ओट्यावर गावाची बैठक झाली. पहिला प्रश्न गोरक्षभाऊंचा. त्यांचा द्राक्षाचा मळा मोठा, आणि पाणी उपसायच्या पंपाच्या तोंडाशी बेशरमीची मुळं अडकून पंप सारखा बंद पडायचा.

"बाई, द्राक्षाला नाय ना शिवणार?"

"नाही भाऊ. उपाशी ठेवून बघितलं."

"कांद्याला?"

"नाही."

"गोरक्षाच्या मिशीला?" मागून कुणीतरी विचारलं आणि ओटा हसला.

ठरलं. कार्तिकी पौर्णिमेला सगळ्या गावानं मिळून सोनटिकल्या बेशरमीत सोडायच्या. गोरक्षभाऊ पेढे वाटणार. त्या दिवशी जो तो मला हात लावून गेला. कुणी मला नमस्कारसुद्धा केला. मी फुगलो. आणि तरी एक सांगतो. सगळे मला बघत होते ते आतले किडे बाहेर जाणार म्हणून. ते गेले की मी पुन्हा रिकाम्या डब्याचा राखणदार.

एकादशीच्या आदल्या दिवशी भिमाबाई लेकीचा समारंभ बघायला नाशिकहून आल्या. थकल्या होत्या, गुडघे धरले होते. मला शाळेतून पुन्हा खोलीवर आणलेलं, कारण सुट्टीत किड्यांना पानं कोण घालणार? भिमाबाई आत आल्या, मला बघून त्यांचा चेहरा उजळला, पुढं येऊन जाळीला नाक लावलं आणि एकदम मागं सरल्या.

"सुमे, दुभत्याच्या कपाटात किडे?"

"आई, कामाचे आहेत ते."

"कामाचे? माझी सगळी हयात गेली मुंग्या हाकण्यात, आणि तू किड्यांना घरजावई केलंस?"

"तूच म्हणायचीस ना, एक मुंगी दाखव. अजून नाही बघ एकही."

भिमाबाईंनी खाली वाकून वाट्यांतलं पाणी बघितलं, मग बोटानं त्या निळ्या दोऱ्याच्या विणीला हात लावला. "माझे टाके धरून आहेत की अजून," त्या म्हणाल्या, आणि बाकीचा राग तिथंच विरला.

एकादशीच्या दुपारी सुमनबाई मुलांची गाणी बसवायला शाळेत गेल्या होत्या. रंगूबाई आली. पदरात रताळी, वाफ्यातून नुकतीच काढलेली, वेलासकट.

"मावशी, उपासाची रताळी आणलीत. तुमच्यात उपास नसतो ना?"

"उपास नसतो, भूक असते," भिमाबाई म्हणाल्या. "आण इकडे."

दोघी दारात बसून बोलत राहिल्या. एक लेकीपासून लांब राहणारी, एकीला लेकच नाही. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा रंगूबाई गेली आणि भिमाबाईंनी रताळी उचलली. खोलीत उंदीर होते. खाण्याची वस्तू उंदीर-मुंगीपासून राखायची तर ती कुठं ठेवायची? त्यांचे हात कितीतरी वर्षांचे शिकलेले. त्यांनी विचार केलाच नाही. माझी कडी काढली, वरच्या फळीवर वेलासकट रताळी ठेवली, कडी लावली. सवयीनं एकदा ओढूनही बघितली.

मला बोलता येत असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं. कारण त्यांचा हात बाहेर जातो न जातो, तोच खालच्या फळीवरची पहिली सोनटिकली चढायला लागली. मग दुसरी. मग सगळ्या. पुढ्यातली बेशरम तशीच टाकून. रात्रभर माझ्यात ती कुर्र, कुर्र. तीच, पण जास्त घाईची. मला जी अंगाई वाटायची, ती त्या रात्री कुणाचा तरी संसार चावल्यासारखी वाटली.

सकाळी सुमनबाईंनी कडी काढली. रताळ्याच्या वेलाची चाळणी झाली होती. त्या तशाच उभ्या राहिल्या. दातांत ब्रश, हातात तांब्या.

"अगं, काय झालं?" भिमाबाईंनी विचारलं. "मी काही चुकीचं ठेवलं का? उंदीर खातील म्हणून ठेवलं मी."

सुमनबाई चूळ भरून आल्या आणि आईशेजारी खाली बसल्या. "नाही आई. चुकलं ते माझं. मी मुलांना पानं आणायला सांगितली. ज्यांच्या घरचं मूल शाळेत, त्यांचं पान आलं. रंगूबाईंच्या घरचं शाळेत कोण आहे?" मग तो कुरतडलेला वेल हातात घेऊन म्हणाल्या, "फुलं बघितली होती मी तिच्या वाफ्यात. बेशरमीचीच धाकटी बहीण. तेव्हा मनात आलं होतं, किती सारखी आहेत. नुसतं सारखी आहेत, एवढंच."

पौर्णिमेला सगळं गाव ओट्यापुढं जमलं. मला हार घातला होता. मुलं टोपल्या घेऊन रांगेत. गोरक्षभाऊंच्या हातात पेढ्यांचा पुडा. आणि गर्दीच्या अगदी कडेला रंगूबाई, डोक्यावरून पदर घेऊन, समारंभ बघायला आलेली.

सुमनबाई माझ्यापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज सोनटिकल्या सोडायच्या नाहीत. त्या रताळ्याचा वेल खातात. बेशरमीच्याही आधी खातात. काठावर चार-दोनच असतात म्हणून वेल वाचतो, ढिगानं सोडल्या तर वाचणार नाही."

मुलांनी टोपल्या खाली टेकवल्या. मग कुजबुज. मग गोरक्षभाऊ हसले. "बाई, मी घाबरलो ना. रताळंच ना? गावात रताळं लावतंय कोण?"

"रंगूबाई लावतात."

"दोन वाफे," गोरक्षभाऊ म्हणाले. "दोन वाफ्यांपायी गावाचं पाणी अडवायचं? मी देतो तिला रताळी, पोतंभर. मळ्यात कामाला ये म्हणावं, रोजची हाजरी देतो."

माणसं माना डोलावू लागली. सुमनबाईंनी गर्दीच्या कडेला बघितलं. "रंगूबाई, बैठकीला तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"मला कोन इचारतंय," रंगूबाई म्हणाली. "मी तर पेढ्यासाठी आले."

थोडं हसू फुटलं आणि मध्येच विझलं. रंगूबाई पुढं म्हणाली, "भाऊ, पोतंभर रताळी एका साली. पुढल्या साली तुमच्या दारात पोतं घेऊन उभी ऱ्हाऊ का मी? माझी पट्टी हाय तवर मी कुनाच्या दारात नाय."

"अगं पण ती पट्टी बी बेशरम खातीच आहे ना?"

"खाती. हळूहळू खाती. हे एका रातीत खातील."

गोरक्षभाऊंना ते सहन झालं नाही. ते पुढं आले. "बाई, तुम्ही बाहेरगावच्या. आज हाय, उद्या बदली. पंप आमचे बंद पडतेत. सरका." त्यांनी माझ्या कडीकडे हात नेला.

आणि तेव्हा, मित्रांनो, सुमनबाई मागं सरल्या आणि माझ्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. आत सगळ्या सोनटिकल्या जाळीला चिकटलेल्या, बाहेर त्यांची पाठ, मध्ये मी. माझी कडी त्यांच्या कमरेपाशी रुतत होती, पण त्या हलल्या नाहीत.

"भाऊ," त्या म्हणाल्या, आवाज मोठा नव्हता, "बेशरम आपणच आणली. तेव्हा एकच विचारलं, शेळी खाते का? नाही खात? मग लावा. बाकी कुणालाच काही विचारलं नाही. आता हे सोडायचे, आणि एकच विचारायचं, द्राक्ष खातात का? हे पाणी इथं थांबत नाही. खाली पैठणपर्यंत जातं, काठाकाठानं बेशरमही जाते, आणि तिच्यावरून हे किडेही जातील. तिथं कुणाकुणाचे दोन वाफे आहेत, आपल्याला ठाऊक आहे का?"

गोरक्षभाऊंचा हात खाली आला. ते काही चांगलं बोलले असं समजू नका. "मग उपटा हातानं," ते म्हणाले, पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला आणि निघून गेले. गर्दी फुटली. कुणीतरी जाता जाता म्हणालं, बाईंचे किडे संपावर गेले. मुलांनी रिकाम्या टोपल्या डोक्यावर उलट्या घातल्या आणि ती घरी गेली. ओट्यावर उरल्या सुमनबाई, भिमाबाई, रंगूबाई आणि हार घातलेला मी. भिमाबाईंनी पुडा उघडला, रंगूबाईच्या हातावर पेढा ठेवला. "घे. यासाठी आली होतीस ना."

दुसऱ्या रविवारी सुमनबाई खरंच हातानं उपटायला गेल्या. त्या आणि रंगूबाई. मग मुलं यायला लागली, आधी मजेखातर, मग खोडानिशी ओढायची चढाओढ म्हणून. उपटलेली झाडं पाण्यापासून लांब, खडकावर उलटी टांगून वाळवायची, नाहीतर ती पडल्या जागी पुन्हा हसतात. एका सकाळी गोरक्षभाऊंची बैलजोडी साखळदंड घेऊन आली. ते स्वतः आले नाहीत. बैलांनी आधी पंपापुढची ओढली, मग रंगूबाईच्या पट्टीकडची. बेशरम संपली नाही. आजही आहे. पण पट्टीपुढं पाणी मोकळं झालं, आणि त्या हिवाळ्यात लांबून येणारी बदकं तिथं उतरली. एरवी ती घिरट्या घालून निघून जायची.

आणि सोनटिकल्या? बाईंनी अंडी राखणं थांबवलं. ज्या होत्या त्यांना शेवटपर्यंत बेशरम घातली. त्या एकेक करून कमी झाल्या. तुम्हाला माहीत आहे, सोनटिकली मेली की तिचं सोनं उडून जातं? करडं टरफल राहतं, बस. आवाज बारीक होत गेला. शेवटी एकच होती. ती एकटी जाळीवर चढायची, निळ्या दोऱ्याच्या विणीपाशी थांबायची, खाली यायची. एका सकाळी तोही आवाज नव्हता. बाईंनी फळ्या पुसल्या आणि कडी लावली. बाई, तुम्ही योग्यच केलंत, हे मला सांगायचं होतं. पण कपाटाला आतलं बाहेर सांगता येत नाही. ते फक्त राखता येतं.

पुढं बाईंची मनमाडला बदली झाली. तिथल्या घरात मला जागा नव्हती. जाताना त्यांनी मला शाळेला दिलं. ट्रंक टेम्पोत चढल्यावर त्या परत आत आल्या, कुणी बघत नाही असं पाहून माझ्या दाराला एकदा पाठ टेकली आणि गेल्या. नंतरची वर्षं मी मोजली नाहीत. नवीन सर आले, त्यांनी माझ्यात खोकी भरली. पायांखालच्या वाट्या कुणीतरी नेल्या. मुंग्या आता खुशाल चढतात, मी त्यांना काय म्हणणार? बरं वाटतं उलट. सुट्टीत खोली बंद झाली की खिडकीच्या फटीतून पाण्यावरचा वारा येतो, माझ्या जाळीतून आरपार जातो, आणि मला वाटतं कुर्र, कुर्र सुरू झालं. नसतं झालेलं.

फक्त महाशिवरात्रीच्या आधी एकदा, दर साली, रंगूबाई येते. आता काठी टेकत येते. सरांना म्हणते, "जरा कपाट बघून जाते." सर हसतात. ती खोक्यांमधली चिंचोळी जागा शोधते आणि वरच्या फळीवर एक रताळं ठेवते. वेलासकट. कडी लावते, ओढून बघते.

मित्रांनो, मला पुन्हा रंग द्या असं मी म्हणत नाही. दूध ठेवा असंही नाही. माझ्या अंगावर नावंही लिहा, हरकत नाही, निदान कुणाची तरी नावं जवळ असतात. पण माझी कडी तेवढी मोडू नका. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, काहीतरी नवं आणाल, पाण्यात सोडाल, रानात लावाल, गावाच्या भल्यासाठीच असेल ते. तेव्हा कडीला हात घालण्याआधी क्षणभर थांबा, आणि गर्दीच्या कडेला बघून विचारा, कुणाचं पान आणायचं राहिलंय.